हळदीचा दोरा

मला निकेल चालत नाही, हे कळेपर्यंत माझ्या मानेने पुष्कळ सोसलं. खरं मंगळसूत्र लॉकरमध्ये आणि गळ्यात बेगम बाजारातलं, नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं एक ग्रॅमवालं, कारण काचीगुड्याहून जामबागच्या शाळेत शिकवायला मी स्कूटीवरून जाते आणि गळ्यातलं ओढून नेणाऱ्यांची सासूबाईंना धास्ती. मानेवर पुरळ उठलं, पाणी सुटलं. उष्णता आहे म्हणून घरच्यांनी सब्जा पाजला, कडुनिंब लावला. बेंबीखाली जीन्सच्या बटणाची आणि मनगटावर घड्याळाची जागाही तशीच लाल, पण तिन्हींचा मेळ आमच्यापैकी कोणीच घातला नाही. तो त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी घातला. म्हणाल्या, "तिन्हींत निकेल आहे, ते तुम्हाला चालत नाही. हे मंगळसूत्र आजपासून काढा."

बोलायला काय जातं! सासूबाईंनी मला बाळंतपणातसुद्धा मोकळ्या गळ्याने राहू दिलं नव्हतं. आता मी ते काढून ठेवलं, तर त्या माझ्या गळ्याकडे नुसतं बघून देवघरात निघून गेल्या, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्यात चैत्राचं हळदीकुंकू तोंडावर आलेलं. चोरांच्या धास्तीने खरं लॉकरमधून निघणार नाही, घरभर बायका येणार आणि सून मोकळ्या गळ्याची. मीही हट्टी, ठरवलं, कोणी काही म्हणो, ते पुन्हा घालायचं नाही. पण मनातून घाबरले होते.

हळदीकुंकवाच्या दुपारी सासूबाईंनी मला हाक मारली. हातात सुताचा पीळदार दोरा होता, हळदीत भिजवून वाळवलेला, आणि त्यात लॉकरमधून आणलेल्या माझ्याच सोन्याच्या दोन वाट्या. "शेजारच्या तेलुगू बायकांना इचारून केलं. त्या लग्नात हेच बांधतात. पदराखाली चोराला दिसत बी नाही," म्हणाल्या आणि स्वतःच गाठ मारली.

संध्याकाळी चुलतसासूबाईंनी सगळ्यांदेखत नाक मुरडलं. "हे काय गं नवीन? आपल्यात दोरा कधीपासून?"

"हौ, आजपासून," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेची मान सोलून निघाली होती. लोकांपायी काय तिला तसंच सोसायला लावू?"

आमच्याकडे पहिलं कुंकू वयाने मोठ्या सवाष्णीचं. चुलतसासूबाईंनी पदर सावरून कपाळ पुढे केलं. सासूबाई करंडा घेऊन त्यांच्यासमोरून सरळ माझ्याकडे आल्या आणि पहिलं बोट माझ्या कपाळावर टेकवलं. ही माझी सासू आहे, याचा मला इतका अभिमान वाटला की वाकून नमस्कार करायचंही राहून गेलं.