वाफसा नावाचा माणूस

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. छापायला जाण्याआधीचा कागद समोर घ्यायचा आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या, काना-मात्रेच्या चुका लाल शाईने दुरुस्त करायच्या, हे काम. तीस वर्षं तेच. त्यामुळे त्याचा असा पक्का समज झाला होता की आपल्या भाषेतला एकही शब्द आपल्या नजरेखालून जायचा राहिलेला नाही. नजरेखालून गेले होते, हे खरंच. डोक्यात किती शिरले होते, हे मात्र त्याने कधी तपासलं नव्हतं.

छापखाना बंद पडला तेव्हा त्याचं वय चोपन्न होतं. बायको घरी बसून शिवणकाम करायची, मुलगी आठवीत होती. शहरातलं भाड्याचं घर सोडायचं आणि साठवलेल्या पैशातून कुठेतरी जमिनीचा तुकडा घ्यायचा, ही कल्पना बायकोची. त्याने आधी नाक मुरडलं, मग महिनाभराने तीच कल्पना आपली म्हणून लोकांना सांगायला सुरुवात केली. बायकोला याची सवय होती.

तुकडा दोन एकरांचा निघाला आणि त्यावर पत्र्याचं तीन खोल्यांचं घर. एका खिडकीची कडी लागत नव्हती, तिला दोरी बांधली. शिवणयंत्र ओसरीत उजेडाला ठेवलं. मोरीचं पाणी उलटं आत यायचं, तर बायकोने दोन दिवस खपून स्वतः उतार काढला. मुलगी नव्या शाळेत जायला लागली आणि तिसऱ्या दिवशी मैत्रीण घेऊन घरी आली. शब्दकोशांची दोन खोकी होती, ती त्याने दाराला टेकवून ठेवली, कारण वारा आला की दार आपटायचं. पंधरा दिवसांत मायलेकी तिथल्याच होऊन गेल्या. हा तेवढा पाहुण्यासारखा वावरत होता.

कारण सरळ होतं. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघत नसत. कोणी काही सांगितलं की तो मान हलवायचा, ‘हो हो, ते तर आहेच,’ म्हणायचा आणि घरी येऊन बायकोला विचारायचा, की बांध धरायचा म्हणजे नक्की काय धरायचं?

शेजारच्या मळ्यात एक मावशी एकटी राहायची. साठी कधीच उलटलेली, कमरेत वाकलेली, जिभेने मात्र ताठ. आसपासच्या वस्तीत तिला बियाणेवाली म्हणत. तिच्याकडचं घेवड्याचं बी तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. दरवर्षी ती ते राखेत घोळवून डब्यात ठेवायची आणि हंगामाला लोक तिच्या दारात यायचे. पैसे घ्यायची नाही. ‘बियाणेवालीचं बी आहे’ एवढं कोणी म्हटलं की झालं, पुढे कोणी विचारायचं नाही. तिची सगळी अब्रू त्या डब्यात होती म्हणा ना.

तिने आपणहून त्याच्या पदरात दोन ओंजळी बी टाकलं. “भाऊ, वरचं रान भिजवून घ्या. मग वाफसा आला की टोकायला घ्या. काठीने भोक पाडायचं, दोन-दोन दाणे टाकायचे, माती लोटायची. मी लेकीकडे चाललेय पंधरा-वीस दिवस, नाहीतर आलेच असते.”

“वाफसा कधी येईल साधारण?” त्याने विचारलं. एवढं विचारताना त्याला वाटलं, आपण किती नेमकं विचारतोय.

“तो काय सांगून येतो? दोन दिवसांत येईल, तीन दिवसांत येईल. लक्ष ठेवा मात्र. एकदा आला की थांबत नाही फार.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत रानात पाऊलसुद्धा घालू नका.”

त्याने मान हलवली. हो हो, ते तर आहेच.

आता खरं म्हणजे शब्दकोश दाराशीच पडला होता. पण जो शब्द आपल्याला अडतच नाही, तो कोण उघडून बघणार? वाफसा हे कोणातरी माणसाचं नाव किंवा आडनाव, यात त्याला तिळमात्र शंका आली नाही. टोकण्याच्या कामातला कोणी वाकबगार गडी असणार, वस्तीवस्तीने फिरत असणार. मुलीने विचारलं, “बाबा, हे काय नाव आहे?” तर त्याने सुनावलं, “विशेषनाम आहे ते. विशेषनामाला नियम नसतो. ज्याचं त्याने ठरवायचं.”

रान भिजवलं. तीन दिवस घरात वाफशाची वाट पाहणं सुरू झालं. बायकोने चहाचं आधण तयार ठेवलं. त्याने धुतलेला सदरा घातला, म्हणजे नव्या माणसावर छाप पडावी. मुलीला बजावलं, काका आले की नीट या-बसा म्हण. रानात मात्र कोणी पाऊल घातलं नाही. सांगितलेलं होतं ना.

चौथ्या दिवशी तो फाट्यावरच्या दुकानात साखर आणायला गेला. तिथे पंपवाला, म्हणजे विहिरींचे पंप दुरुस्त करणारा, बाकावर बसला होता.

“काय छापखानेवाले, वाफसा आला का?” पंपवाल्याने विचारलं.

“नाही अजून. तुमच्याकडे?”

“आमच्याकडे परवाच येऊन गेला की.”

याला जरा लागलं. आधी जुन्या ओळखीच्यांकडे जातो, नव्या माणसाला मागे ठेवतो, असं का? “आमच्याकडे नाही फिरकला,” तो फणकाऱ्याने म्हणाला.

दुकानदाराने तराजूतून डोकं वर काढलं. “असं कसं? रान भिजवलं होतं ना? मग येऊन गेला असेल. तुमचं लक्ष नसेल.”

घरी येऊन त्याने बायकोला फैलावर घेतलं. “येऊन गेला म्हणतात! तू कुठे होतीस?” ती म्हणाली, “मी तर दिवसभर ओसरीतच शिवत होते. कुत्रंसुद्धा आलं नाही.” तेव्हा त्याने रागारागाने ठरवलं, गेला उडत तो वाफसा, आपण आपलं करू. काम सुरू होईपर्यंत आणखी दोन दिवस कडक ऊन पडलं होतं. माती अशी वाळली होती की काठीचं टोक तुटलं. पहारीने भोकं पाडली, दाणे टाकले, वरून ढेकळं लोटली. तिघांच्या हाताला फोड आले. फोड आले म्हणून त्याला वाटलं, काम चांगलं झालं.

दहा दिवसांत एक कोंब वर आला नाही.

आता लोक विचारणारच. दुकानात पाच-सहा जण बसलेले असताना पंपवाल्याने विचारलं, “काय, उगवला का घेवडा?” सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. आणि ज्या जिभेला तीन सरळ शब्द कधी जमले नव्हते, तिला हे पटकन जमलं. “काय उगवणार? बीच पोचट होतं. म्हातारीला आता दिसत नाही नीट, किडकं निघालं सगळं.”

दुकानदाराने त्या संध्याकाळी बियाण्याची पाकिटं पुढच्या फळीवर आणून मांडली. ज्यांनी मावशीला सांगून ठेवलं होतं, अशा दोन घरांनी पाकिटं नेली.

तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली ती दप्तर न काढताच त्याच्यासमोर उभी राहिली. “बाबा, वाफसा माणूस नाहीये.”

तो पेपर वाचत होता.

“शाळेच्या बागेत बाई म्हणाल्या, आज वाफसा नाही, चिखल आहे, उद्या खुरपू. ओली माती थोडी सुकते ना, हातात दाबली तर गोळा होतो आणि टाकला की फुटतो, तसं झालं की वाफसा आला म्हणतात. तेव्हाच पेरायचं. नंतर माती आवळते.” आणि मग ती हसायला लागली. आधण ठेवलेलं, सदरा धुतलेला, सगळं आठवून तिला हसू आवरेना. यंत्रावर बसलेली बायकोही हसली. मग तिला काहीतरी सुचलं आणि तिचं हसू थांबलं. “अहो,” ती म्हणाली, “तुम्ही दुकानात बी पोचट म्हणून सांगून आलात ना?”

तो उठला, दाराचं खोकं ओढलं, शब्दकोश काढला. शब्द होता. अर्थही होता, चांगला दोन ओळींचा. हा कोश त्याच्याच छापखान्यात छापलेला, आणि ‘व’ची मुद्रितं त्यानेच तपासली होती. त्या शब्दातला ‘फ’ त्याने दुरुस्त केला होता, हे त्याला स्पष्ट आठवलं. अर्थ वाचला नव्हता. तो कोश मांडीवर घेऊन किती वेळ बसला कोण जाणे. दार आपटत राहिलं. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त या गोष्टीची, की अजूनही डोक्यात पहिला विचार ‘हे कोणाला कळता कामा नये’ हाच येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. लेकीकडून आदल्या दिवशीच परतली होती आणि दुकानातली गोष्ट तिच्या कानावर गेली होती. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती भांडायला आली नव्हती.

“भाऊ, माझं चुकलं,” ती ओसरीच्या पायरीशी उभी राहून म्हणाली. “डोळ्यांना दिसत नाही हल्ली, कीड कळली नसेल. तुम्ही शिकलेली माणसं, उगाच कशाला कोणाला नावं ठेवाल. तुमचा हंगाम गेला माझ्यापायी.” आणि तिने हात जोडले. मग पदराखालून दुकानातलं बियाण्याचं पाकीट काढलं. जिने जन्मात कधी बी विकत घेतलं नव्हतं, तिने याच्यासाठी घेतलं होतं. “हे लावा. भरवशाचं असतं म्हणे.”

शिवणयंत्र थांबलं. बायको त्याच्याकडे बघत होती. बोलायची वेळ होती ती हीच. तोंड उघडलं त्याने, आणि म्हणाला काय, तर “असू द्या मावशी. होतं असं कधीकधी.”

वर पाकीट घेतलं.

मावशी वाकत वाकत बांधावरून दिसेनाशी झाली. बायको बोलली असती, चिडली असती, तर त्याला ऐकून घेता आलं असतं. तिने दोऱ्याचं रीळ बदललं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. त्या दिवशी तो पाणी प्यायलाही आत गेला नाही. हातातलं पाकीट कुठे ठेवावं हे त्याला समजेना. फळीवर ठेवलं तर दिसत होतं, खिशात ठेवलं तर टोचत होतं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय असतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. हा वाक्प्रचार त्याने शेकडो वेळा तपासला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो फाट्यावर गेला. दुकानात गर्दी व्हायची वेळ मुद्दाम धरली. पाकीट दुकानदारासमोर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बी चांगलं होतं. मी चुकलो. वाफसा म्हणजे मला कोणी माणूस वाटला. त्याच्यासाठी तीन दिवस चहाचं आधण ठेवलं होतं आम्ही.”

दुकानात एकच हशा पिकला. पंपवाला बाकावरून खाली सरकला, हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. “नटूनथटून बसला होतात की काय?” कोणीतरी विचारलं. “धुतलेला सदरा घातला होता,” तो म्हणाला. इतकी वर्षं ज्या हसण्याला तो भ्याला होता ते हेच, आणि आता त्याचं काहीच वाटत नव्हतं. जे वाटत होतं ते बांधापलीकडच्या मावशीचं.

तिथून तो थेट मावशीकडे गेला. ती चुलीपाशी बसली होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ती हसली नाही.

“परवा मी हात जोडले,” तिने विचारलं, “तेव्हा माहीत होतं तुम्हाला?”

“काल होतं ते, मावशी,” तो म्हणाला. एवढ्यातही चूक दुरुस्त करायची सवय सुटली नाही. मग मान खाली गेली. “हो. माहीत होतं.”

तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. आत घेवड्याचे दाणे होते, कालचे, शिजून फुटलेले. “डब्यातलं सगळं शिजायला टाकलं मी,” ती म्हणाली. “किडकं बी लोकांना देऊन पाप कशाला घ्यायचं, म्हटलं खाऊन टाकू.”

त्याला वाटलं आपण इथून चालत कुठेतरी निघून जावं. पण मावशी भिंतीला धरून उठली आणि कोपऱ्यातलं खुरपं घेतलं. “कोरड्यात टाकलंत ना? मग सगळं नाही मेलं. चला.”

दुपारपर्यंत चौघं त्याच्या रानात गुडघ्यांवर होती. ढेकूळ फोडायचं, चुरा करायचा, दाणा दिसला तर वेचायचा. बरेच मुंग्यांनी पोखरलेले निघत, काही ढेकळांनी चेपलेले, मधूनच एखादा धड. मावशी बायकोशी बोलत होती, वहिनी तुमचा हात चांगला चालतो म्हणत होती, मुलीला धड दाणा कसा ओळखायचा ते दाखवत होती. मुलगी दर दोन मिनिटांनी विचारत होती, हा चालेल? हा का नाही? त्याच्याशी मावशी अवाक्षर बोलली नाही, आणि त्याने ती अपेक्षाही ठेवली नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याच्या मुठीत वीस-पंचवीस दाणे जमले होते. तो उठला, मावशीपाशी गेला आणि मूठ पुढे केली.

तिने वर पाहिलं नाही. “माझ्याकडे नको,” ती म्हणाली. “पोरीकडे द्या. ती विचारून तरी घेते.”

त्याने मूठ मुलीच्या ओंजळीत रिकामी केली.