लाल ठिपका डाव्या भोकाशी

चूक माझी होती, ते आधीच सांगतो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. दसऱ्याला सर्व्हरला हळद-कुंकू वाहणाऱ्या आमच्या लॅब असिस्टंटला, जोशींना, मी दरवर्षी हसत आलोय.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, कल्याणजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. तिसऱ्या वर्षाला एक प्रॅक्टिकल असतं – दोन्ही टोकांना बोल्टची भोकं असलेल्या ओतीव लोखंडाच्या ब्रॅकेटवर भार दिला तर तो कुठे तुटेल, हे सॉफ्टवेअरमध्ये पाहायचं. जिथे ताण जास्त, तिथे लाल. प्रत्यक्षात कोणीच काही करत नाही. मी कधीकाळी बनवलेली एकच फाइल पेनड्राइव्हवरून फिरते, नाव बदललं की सबमिशन झालं. मीही फक्त बघायचो – लाल मधोमध आहे ना... मग सही.

गेल्या सेमिस्टरला टिटवाळ्याच्या वैष्णवीच्या प्रिंटवर लाल डाव्या बोल्टच्या भोकाशी होतं. ती प्रिंट मी वर्गात उंच धरली.

"सगळ्यांचा ब्रॅकेट मधे तुटतो, हिचा एकटीचा टिटवाळ्याला."

वर्ग हसला.

"सर, मी स्वतः बनवलंय," ती म्हणाली.

"म्हणूनच," मी म्हणालो.

तिच्या जर्नलवर सही केली नाही. सहीशिवाय तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी वर्कशॉपमध्ये तसाच खरा ब्रॅकेट भार देऊन तोडायच्या मशीनवर लावला. तो डाव्या भोकाशीच तुटला. तुकडा पाहिला – ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिलेला. बाहेरून दिसणं अशक्य.

मी तिची फाइल तिच्याच कॉम्प्युटरवर पुन्हा चालवली. लाल मधोमध. दहा वेळा चालवली, दहाही वेळा मधोमध. फाइलला नंतर कोणी हात लावलेला नव्हता. प्रिंट काढताना जोशींनी मात्र स्क्रीनवर लाल डावीकडेच पाहिलेलं.

आता तुम्ही व्हर्जन, व्हायरस वगैरे सुचवाल. कृपा करून नको, सगळं तपासून झालंय. भुताखेतांच्या कथा तर त्याहून नकोत. बंद लोखंडातला बुडबुडा त्या चित्राला कसा कळला, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

ब्रॅकेट तुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्याच लेक्चरला तिच्या जर्नलवर सही केली आणि फळ्यासमोर उभा राहिलो.

"वैष्णवी, या वर्गात स्वतः काम केलेली तू एकटी. मी तपासलंच नाही, नुसतं जुळवून पाहिलं. तुला सगळ्यांसमोर हसलो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो."