लाल पेन्सिलीखालचं वाक्य

मला रेडिओ आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. घरातले सगळे हसतात. पण आपण ज्याला उलट बोलू शकत नाही त्याचं ऐकत बसायची मला सवयच नाही. मी वाढले त्या घरात उलट बोलणं भाकरीइतकं रोजचं होतं.

माझे वडील सोलापुरात मिशनचे उपदेशक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, बाजारातले लोक मास्तर म्हणत. दर मंगळवारी बाजार भरे, तेव्हा घोंगडीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला एका लिंबाखाली अण्णांचा उपदेश असे. आधी गायन, मग उपदेश. गायनाला बाजाची पेटी मी वाजवत असे. तेव्हा मी मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले होते आणि भर बाजारात पेटी वाजवणारी मुलगी म्हणून गावात माझं नाव जरा झालेलंच होतं. चांगलं की वाईट, ते विचारू नका.

गायन आणि उपदेश हे सगळेच उपदेशक करत. अण्णांनी त्यात तिसरा भाग स्वतःच्या मनानं घातला होता. उपदेश संपला की ते लाकडी स्टुलावरून खाली उतरत, स्टूल धोतराच्या सोग्यानं पुसत आणि म्हणत, “आता ज्याला माझं पटलं नाही त्यानं वर चढावं.” बंगल्यातल्या गोऱ्या साहेबांना हे अजिबात पसंत नव्हतं. आपल्या स्टुलावर आपल्याच विरुद्ध बोलायला माणूस चढवायचा, ही कुठली रीत? अण्णा म्हणत, “साहेब, ज्याच्या देवाबद्दल बोललो त्याला बोलू दिलं नाही, तर ती चहाडी झाली. समोर उभा करून बोललं की ते भांडण. भांडण चालतं.”

स्टुलावर बहुतेक वेळा एकच माणूस चढे. सांगोल्याकडचा धनगर, घोंगडी विकायला येणारा. मी त्यांना मामा म्हणत असे. उंच, काळे, आवाज असा की पलीकडच्या रांगेतला गिऱ्हाईकही मान वळवून बघे. अण्णा म्हणायचे, “दगडाला शेंदूर लावला की तुम्ही त्याला देव म्हणता, आणि देवळाबाहेर उभ्या माणसाला मात्र दगड समजता.” मग मामा वर चढून म्हणायचे, “दगूड तर दगूड, मास्तर. पर त्यो आमच्यासंगं पावसात भिजतो, उनात तापतो. तुमचा देव बंगल्यात ऱ्हातो, त्येला काय ठावं मेंढरं कशी मरत्यात!” लोक टाळ्या पिटत. अण्णासुद्धा हसत. तेलुगू बोलणारे विणकर मागावरून उठून खास हे भांडण ऐकायला येत, एकमेकांना अर्थ सांगत आणि आपापसात पुन्हा वेगळं भांडत. मंगळवारची ती दुपार आठवली की अजून माझी बोटं पेटीवर असल्यासारखी हलतात. तसं सुख पुन्हा मिळालं नाही.

एका गोष्टीला मात्र मामांनी कधी उत्तर दिलं नाही. उपदेशाच्या शेवटी अण्णा स्वतःची हकिगत सांगत, आणि त्यात एक वाक्य नेहमी तसंच्या तसं येई: “दुष्काळाच्या साली माझी आई घागर घेऊन गावच्या विहिरीपाशी दुपारपर्यंत बसली, तिला पाण्याला हात लावायची मुभा नव्हती आणि कुणी वरून ओतलं नाही, आणि घरी माझी बहीण तहानेनं गेली.” ह्या वाक्यानंतर अण्णा खाली उतरत, स्टूल पुसत. मामा वर चढत आणि दगडाबद्दल बोलत, बंगल्याबद्दल बोलत, साहेबाच्या टोपीबद्दलही बोलत. त्या वाक्याकडे मात्र वळत नसत. दहा-बारा वर्षं असंच चाललं होतं.

पुढे दिवस बदलले. दुसऱ्याच्या धर्माचा मुद्दाम अपमान केला तर तुरुंग, असा कायदा आला. मग मार्शल लॉचं वर्ष आलं, चार माणसं एकत्र उभी राहायची चोरी झाली, आणि पुन्हा बाजार भरू लागला तेव्हा लिंबाखाली एक हवालदार वही घेऊन उभा राहू लागला. कायदा अगदीच वेडा होता असं मी म्हणणार नाही. अण्णांच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा त्यांनी देवीच्या परडीवरून काहीतरी चेष्टा केली, आणि परडी घेतलेली एक म्हातारी तिथंच डोळ्यांना पदर लावून निघून गेली. तिला स्टुलावर चढवत नव्हतं, बोलता येत नव्हतं. अण्णा आठवडाभर आईशीही धड बोलले नाहीत. स्टूल सगळ्यांना पुरत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

अशात मुंबईहून पत्र आलं. रेडिओवर निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी आपापल्या विश्वासाबद्दल दहा मिनिटं बोलायचं ठरलं होतं. एक शास्त्रीबुवा बोलले होते, एक मौलवीसाहेब बोलले होते. ख्रिस्ती माणूस म्हणून साहेबांनी अण्णांचं नाव सुचवलं होतं. अण्णा त्या पत्राकडे असे बघत राहिले, की आईनं घाबरून विचारलं, “कोन गेलं?”

कोणी गेलं नव्हतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाचा आवाज मुंबईपासून सोलापुरापर्यंत घराघरात जाणार होता. अण्णांनी रात्रंदिवस खपून भाषण लिहिलं, मी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं. भाषण आधी पाठवावं लागे. पंधरवड्यानं ते परत आलं, तेव्हा त्यावर दोन ठिकाणी लाल पेन्सिल फिरली होती. सोबत चिठ्ठी होती: खुणा केलेला मजकूर काही श्रोत्यांच्या धर्मभावना दुखावण्याचा संभव आहे, तो वगळून वाचावा.

पहिली रेघ शेंदराच्या दगडावर होती. अण्णा लगेच म्हणाले, “ही बरोबर आहे. घोंगडीवाला समोर नाही, त्याला तिथं कोण स्टूल देणार? काढून टाक.” मी काढून टाकली.

दुसरी रेघ आजीवर होती. घागर, विहीर, बहीण, सगळं लाल.

अण्णांनी कागद उलटा करून चटईवर ठेवला. “ह्यात मी कुणाच्या देवाला काय म्हटलंय? हे तर माझ्या घरात घडलंय,” असं ते मला विचारत होते, जशी काही पेन्सिल मीच चालवली होती. मी भडकले आणि म्हटलं, खरं बोलल्यानं ज्यांच्या भावना दुखतात त्यांनी कानात बोळे घालावेत. आईनं मला गप्प केलं. अण्णांनी मुंबईला लिहिलं, की पहिलं वाक्य मी आनंदानं सोडतो, दुसरं राहू द्यावं. उत्तर चार ओळींचं आलं: मजकूर वगळावा, अन्यथा भाषण दुसऱ्या कोणास द्यावे लागेल.

साहेब घरी आले. त्यांचं मराठी पुस्तकी होतं, पण मन वाईट नव्हतं. ते म्हणाले, “मास्तर, कायदा पाळणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे. शिवाय तुम्ही वचन मोडाल तर पुन्हा आपल्यापैकी कोणालाही तेथे बोलावणार नाहीत.” वचन मोडलं तर नोकरीही जाईल, हे त्यांनी सांगितलं नाही. ते आम्हांला न सांगता कळत होतं.

साहेब गेल्यावर आई चुलीपुढून उठून आली. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग दिसत होता. ती म्हणाली, “सासूबाईस्नी खोडून जानार असाल तर जाऊ नगा.” आणि अण्णा म्हणाले, “नाही गेलो तरी तिचं नाव निघणार कुठं? उरलेलं तरी लोकांना ऐकू दे.” त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा दोघांचंही बरोबर होतं, आणि त्यामुळे भांडणसुद्धा होईना. मला हे फार लागलं. रात्री कुणीच नीट जेवलं नाही.

शेवटी अण्णा गेले. वाक्य बोलणार नाही, असं लिहून देऊन गेले. निघताना मी विचारलं, “मग त्या जागी काय बोलणार?” ते म्हणाले, “त्या जागी काय बोलायचं, ते त्यांनी लिहिलेलं नाही.” मला वाटलं ते चिडून बोलले.

भाषण मंगळवारी संध्याकाळी होतं. सोलापुरात तेव्हा रेडिओ हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. साहेबांच्या बंगल्यात एक होता, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, त्याची तार बाहेरच्या झाडापर्यंत नेलेली. व्हरांड्यात सगळी मंडळी जमली. पायरीच्या खाली, अंगणात मामा उभे होते. बाजार उठल्यावर उरलेली घोंगडी खांद्यावर टाकून तसेच आले होते. साहेबांच्या मडमेनं खुर्ची देऊ केली, तर म्हणाले, “नगं बाई. मास्तर काय बोलत्यात त्येवडं ऐकतो की.” मला म्हणाले, “आज मला चडायला स्टूल न्हाई, म्हनून मास्तराचं फावलं.”

मग अण्णांचा आवाज आला. खरखर होती, पण आवाज त्यांचाच. आई दचकली आणि तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. अण्णा छान बोलले. देव पाहिला नाही तरी देवानं आपल्याला पाहिलं, हे मला कसं कळलं, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. कुणालाही दुखवलं नाही. मी हातातल्या कागदावरून बोट फिरवत होते. लाल खुणेपाशी बोट आलं आणि अण्णा थांबले.

नुसते थांबले. खरखर चालू होती आणि शब्द येत नव्हता.

साहेबांना वाटलं यंत्र बिघडलं. ते धावत जाऊन बटण पिळू लागले. आणि आमची मंडळी! उपदेशक बोलता बोलता थांबला की मुकी प्रार्थना, ही आमच्या ख्रिस्ती देवळातली सवय. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. एका म्हाताऱ्या बाईंनी हळूच “आमेन” सुद्धा म्हटलं. अण्णा प्रार्थना करत नव्हते. त्या वाक्याला जितका वेळ लागे, तितका वेळ ते गप्प बसले होते. मी मनात ते वाक्य म्हणत होते, म्हणून मला कळलं. आईला कसं कळलं कोण जाणे, पण तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आणि अंगणातून मामांचा आवाज आला. बाजारातला, रांगेपलीकडे पोचणारा. “दुष्काळाच्या साली त्येची आई घागर घिऊन गावच्या हिरीपाशी दुपारपतुर बसली. तिला पान्याला हात लावायची मुभा न्हवती, आन् कुनी वरनं वतलं न्हाई. आन् घरी त्येची भन तहानंनं गेली.”

लोकांनी डोळे उघडले. रेडिओतून अण्णा पुन्हा बोलू लागले, पुढच्या वाक्यापासून. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मामा पायरीपर्यंत आले होते. साहेब, मडम, कुणाकडे न बघता ते आईला म्हणाले, “मास्तरीनबाई, ती हीर कुटली मला ठावं न्हाई. पर घागर घिऊन बसल्याली बाई आमच्या बी गावात मी बघितलीया. मी शेंदायला गेलतो. माज्या हातात भरल्याली बारडी हुती. मी वतलं न्हाई.” एवढं बोलून त्यांनी घोंगडी सावरली आणि फाटकातून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अण्णा आले. पायरीवरच बसले, बूटही काढले नाहीत. पहिला प्रश्न, “ऐकू आलं का?”

“आलं,” आई म्हणाली. “गप बसला, त्ये बी ऐकू आलं.”

मग तिनं सगळं सांगितलं. मामांचं बोलणं तिनं शब्द न शब्द सांगितलं, बारडीपर्यंत. अण्णा ऐकत होते. मला वाटलं, आता ते खूश होतील, निदान चिमटा तरी काढतील, की घोंगडीवाला अखेर माझ्या बाजूनं बोलला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि काय करावं ते मला कळेना, म्हणून मी त्यांच्या बुटांचे बंद सोडू लागले.

मग ते बोलले, आणि मिशनच्या शाळेत शिकलेलं त्यांचं सगळं शुद्ध मराठी गळून पडलं होतं.

“माज्या आयनं ऐकाया पायजे हुतं,” ते म्हणाले.