निळ्या फाईलनं धरलेली जागा

घामानं ओलसर झालेल्या प्लास्टिकचा वास आला की मी आजही सिंगापूरच्या माझ्या पहिल्या रविवारात जाऊन पडते. लोकांना आपापली शहरं फुलांच्या, समुद्राच्या, निदान चहाच्या गंधानं तरी आठवतात. माझ्या वाट्याला आलं ते काखेत दाबून धरलेल्या एका निळ्या, बटणाच्या फाईलचं प्लास्टिक. त्या सकाळी लिटिल इंडियात मोगऱ्याच्या माळांचा इतका दाट, गोड, जवळजवळ चक्कर आणणारा दरवळ होता, देवळाच्या गोपुरावर ऊन नुकतंच उतरत होतं, दुकानांच्या दारांतून धण्याची, सुक्या मिरचीची, ताज्या केळीच्या पानांची ओळखीची झुळूक येत होती, आणि या साऱ्यातून चालताना माझं निम्मं चित्त माझ्या डाव्या काखेत होतं.

त्या फाईलमध्ये माझं आख्खं आयुष्य होतं, असं म्हटलं तर लोक हसतात. पण खरंच होतं. दहावीपासून बीएस्सीपर्यंतच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, आणि मधल्या कप्प्यात पासपोर्ट. सोमवारी सकाळी साडेनऊला हे सगळं दाखवायचं, मग स्टुडंट पास मिळायचा, मग मी इथली विद्यार्थिनी. आणि सर्वांत वर, डेपोतल्या जुन्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर, आण्णांच्या अक्षरातली यादी: एक ते नऊ आकडे, प्रत्येक कागदाचं नाव, आणि खाली दोन रेघा मारून, 'जागा सोडण्यापूर्वी यादी तपासणे.' आण्णा म्हणजे माझे वडील. बार्शी डेपोत एसटीचे कंडक्टर. सव्वीस वर्षं लोकांनी गाडीत विसरलेल्या पिशव्या, छत्र्या, डबे, एकदा तर चक्क नवरदेवाचा फेटा त्यांनी उचलून परत केलेला. त्यामुळे माणूस म्हणजे वस्तू विसरणारा प्राणी अशी त्यांची पक्की व्याख्या. विमानतळावर निरोप देताना बाकीच्यांचे बाप डोळे पुसत होते, आमचे आण्णा एवढंच म्हणाले, "फाईल हातातनं सोडू नको."

सोडली नाही. हॉस्टेलच्या कपाटाचं कुलूप मला खेळण्यातलं वाटत होतं, म्हणून शहर बघायलाही मी फाईल घेऊनच निघाले. माझी खोलीतली सोबतीण हान, व्हिएतनामहून आलेली, मितभाषी मुलगी. तिनं फाईलकडे एकदा पाहिलं आणि काही बोलली नाही. ऋचा मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. आमच्याच वर्गातल्या ऋचाचे आईबाबा पुण्याचे, पण ती लहानपणापासून इथंच, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिचं मराठी घरातल्या मोठ्या माणसांकडून आलेलं, शुद्ध आणि किंचित पोक्त, आणि त्याच्या शेपटाला इथलं 'लाह'. "अगं, हे काय काखोटीला मारून आणलंस? देवळात नवस बोलायचाय का मार्कशीटचा? चिल, लाह!" मी चिल झाले नाही. मला रागच आला. जिचं सगळं इथंच आहे, तिला चिल व्हायला काय जातं? मी फाईल दुसऱ्या काखेत घेतली.

दुपारी आम्ही चायनाटाउनमधल्या एका हॉकर सेंटरला गेलो. हॉकर सेंटर म्हणजे खाण्याच्या शेकडो टपऱ्या एका छपराखाली. मधे गोल टेबलं, माथ्यावर पंखे, आणि रविवार असल्यामुळे मुंगीला शिरायला वाट नाही अशी गर्दी. लसणाची फोडणी, उकळत्या रश्श्याची वाफ, आल्याचा उग्र तजेला, वाडग्यांचा खणखणाट, या सगळ्यानं भूक एकदम पोटातून वर आली. आणि तेवढ्यात मला एक गंमत दिसली. माणसं रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं एक चिमुकलं पाकीट ठेवत होती आणि खुशाल निघून जात होती, खायला आणायला. टेबल त्यांचं झालं. त्या पाकिटाला कुणी हात लावत नव्हतं, की त्या टेबलाशी कुणी बसत नव्हतं.

मी मोठ्यानं हसले. अगं बाई, हा तर आमचा एसटीतला रुमाल! बार्शीच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडायच्या आणि जागा 'धरल्या' जायच्या. फक्त आण्णांच्या गाडीत हा कायदा चालत नसे. आत उभं असलेलं एखादं म्हातारं माणूस दिसलं की आण्णा सीटवरचा रुमाल उचलून, नीट घडी घालून, स्वतःच्या खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "बसा मावशी. रुमाल काय तिकीट काढतोय व्हय?" मग रुमालाचा मालक यायचा, भांडायचा, आण्णा शांतपणे घडी केलेला रुमाल त्याच्या हातावर ठेवायचे. पाचवीत असताना त्या गाडीत मागे बसून मी हे पाहिलंय आणि मला शरमेनं मेल्यासारखं झालंय.

"आपल्याकडे टिश्यू आहे का?" ऋचानं पर्स चाचपली. नव्हता. तिघींनी तीन रांगांत उभं राहायचं तर टेबल धरायला काहीतरी हवं. ऋचा माझ्या काखेकडे बघून गालातल्या गालात हसली, आणि माझं टाळकं फिरलं. सकाळपासून ऐकून घेतलं होतं. मलाही शहर कळतं, मीही धीट आहे, हे एकदा दाखवायचंच होतं. खांबाजवळचं टेबल रिकामं झालं, त्याच्या मधोमध मी ती निळी फाईल थाडकन ठेवली. "घे! धरलं टेबल." ऋचानं आ वासला. मी मान वर करून चिकन राइसच्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि तिथून दर मिनिटाला मागे वळून निळा रंग शोधत राहिले.

मग तो प्रकार घडला, आणि तो इतका साधा होता की आजही सांगताना मला माझं हसू येतं. माझी रांग संपत आली तेव्हा पलीकडच्या टोकाहून ऋचानं हाक मारली. पंख्याखालचं एक टेबल मोकळं झालं होतं आणि ती ते अडवून हात हलवत होती. माझ्या दोन्ही हातांत ट्रे. त्यावर भात, सूप, लाल चटणीची वाटी, सगळं डुगडुगणारं. मी सगळं लक्ष त्या सुपावर ठेवून, गर्दीतून वाट काढत, तिच्यापाशी जाऊन बसले. हानही आली. आम्ही पोटभर जेवलो. भात तर असा मऊ, कोंबडीच्या अर्कात शिजलेला, की मी दुसऱ्यांदा आणला. हात भरलेले होते म्हणून रिकामे झाल्याचं कळलंच नाही.

त्यानंतरचे दोन-अडीच तास माझ्या आयुष्यातले सर्वांत हलके तास होते, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. नदीकाठानं आम्ही चालत निघालो. पाण्यावर उन्हाच्या चकत्या हलत होत्या, जुन्या बैठ्या इमारतींच्या हिरव्या-पिवळ्या खिडक्या आणि त्यांच्या पाठीशी काचेचे उंच मनोरे एकाच पाण्यात उलटे उभे होते, आणि खाडीवरून येणारा खारा वारा ओढणी उडवत होता. सिंहाच्या तोंडाच्या त्या पांढऱ्या माशाच्या पुतळ्यापाशी, ज्याच्या मुखातून अखंड पाणी पडत असतं, मी ऋचाशी भांडण विसरून खिदळत होते. मला वाटलं, शहर आवडू लागलं की असंच हलकं वाटत असेल. मी दोन्ही हात आभाळाकडे फेकले, हानने फोटो काढला, आणि तो इतका झकास आला की मी तिथल्या तिथं धाकट्या भावाच्या मोबाइलवर पाठवून दिला. मग पुन्हा एकदा, कौतुकानं, फोटो बघितला. दोन हात. दोन्ही वर. दोन्ही मोकळे.

फाईल हॉकर सेंटरलाच राहिली होती. मी तो फोटो ऋचापुढे धरला. ऋचानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे धावली आणि टॅक्सीला हात केला. टॅक्सीत तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. पासपोर्ट पुन्हा मिळतो, गुणपत्रिकांच्या नकला मिळतात, हे सगळं हान समजुतीच्या स्वरात सांगत होती. मला ते कळतही होतं. पण उद्या साडेनऊला रिकाम्या हातानं काय दाखवायचं? पास लांबला तर? परत पाठवलं तर? आणि आण्णांना काय सांगू, की तुम्ही सव्वीस वर्षं परक्यांची छत्री विसरू दिली नाहीत आणि तुमची लेक स्वतःला टेबलावर विसरली?

पंख्याखालच्या टेबलाशी एक कुटुंब जेवत होतं. फाईल तिथं नव्हती. टेबलाखाली नव्हती, स्टुलांवर नव्हती. मी खाली बसायच्याच बेतात होते, तेव्हा हानने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली की आपण आधी इथं नव्हतो, खांबाजवळ होतो. मी वळले. गर्दी तेवढीच होती. माणसं वाफाळते ट्रे घेऊन ताटकळत उभी होती, कुणी भिंतीला टेकून, कुणी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. आणि त्या भरगच्च कोलाहलात, खांबाजवळ, एक गोल टेबल स्वच्छ पुसलेलं, चारही स्टुलं रिकामी, आणि मधोमध माझी निळी फाईल. तशीच. मी ठेवली होती तश्शी!

शेजारी फडकं खांद्यावर टाकलेले, टेबलं पुसणारे एक वृद्ध चिनी अंकल उभे होते. मला फाईलवर झेप घेताना पाहून ते उखडलेच. "यू आह! सो लाँग, व्हेअर यू गो? एव्हरीबडी आय टेल, गॉट पीपल, गॉट पीपल!" म्हणजे अडीच तास, जो येईल त्याला, हे टेबल घेतलेलं आहे, माणसं येतायत, असं सांगून हा माणूस माझी जागा राखत होता. मला हुंदकाच फुटला. काय करावं कळेना, तेव्हा हाताला जे वळण होतं तेच हातानं केलं. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेले. अंकल दचकून मागे सरले, आणि मग, माझं आणखी काहीतरी खाली पडलंय अशा समजुतीनं, तेही वाकून टेबलाखाली शोधू लागले. आम्ही दोघं टेबलाखाली डोकं घालून एकमेकांकडे बघत होतो. ऋचा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मी यादी काढून एक ते नऊ तपासली. सगळं होतं. मग लिंबाच्या सरबताचा एक मोठा पेला मी एका दमात संपवला, आणि पाठीवरून कुणीतरी पोतं उतरवून ठेवावं तसं वाटलं. "आता खरं सांग," ऋचा म्हणाली, "मी चिडवलं नसतं तर ठेवली असतीस का?" "नसती," मी म्हटलं, "पण मग हात वर करून फोटोही काढला नसता." तिथं आमची मैत्री झाली ती झालीच.

संध्याकाळी हॉस्टेलवर पोचतेय तोच आण्णांचा फोन. ते ड्यूटीवरून नुकतेच आलेले. "फोटू बघितला. दोन्ही हात वर हायत. फाईल कुठाय?"

दुसऱ्या कुणाच्याही बापाला हे दिसलं नसतं. खोटं बोलणं सोपं होतं, पण मला इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की सगळं घडाघडा सांगून टाकलं. पाकीट, रुमाल, टेबल, अंकल. मला वाटलं, आता शिव्या. "गावली ना? नऊच्या नऊ?" "होय आण्णा." त्यांनी सोडलेला श्वास मला इथवर ऐकू आला. मग कंडक्टर जागा झाला. "गर्दी हुती?" "लई." "माणसं उभी हुती?" "हो, ताटं घेऊन." आवाजात राग अजिबात नव्हता, नुसती चौकशी होती. "मग किती जण उभं ऱ्हायलं गं, तुझ्या फायलीपायी?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसले. बाहेर फिकट निळा उजेड विरत होता, खालच्या कॅन्टीनमधून तांदूळ शिजल्याचा वास येत होता, आणि माझ्या मांडीवर, सुखरूप, नऊच्या नऊ कागद. तेव्हा ती आठवली. खांबाच्या अलीकडे उभी असलेली एक वाकलेली आजी, हातात नूडल्सचा वाडगा, रस्सा थरथरणारा. फाईलकडे धावताना मी तिला बाजूला सारून गेले होते. ती माझ्याकडे बघून हसली होती, माझी वस्तू मला मिळाली म्हणून. तिला बस म्हणायचं मला सुचलंच नव्हतं.

सोमवारी पास मिळाला. त्यानंतर शिक्षण झालं, वन-नॉर्थला, इथल्या संशोधन-वसाहतीत, नोकरी लागली, आणि त्या हॉकर सेंटरला मी अजूनही रविवारी जाते. अंकल निवृत्त होईपर्यंत मला 'फाईल गर्ल' म्हणत. पर्समध्ये टिश्यूचं पाकीट असतं, पण टेबलावर ठेवत नाही. ट्रे घेऊन उभी राहते. सूप हिंदकळतं, हात भरून येतात, कधी पाच मिनिटं जातात, कधी पंधरा. आणि मग कुणीतरी आपली पिशवी मांडीवर घेतं, जरासं सरकतं, आणि मानेनंच म्हणतं, बस.