पक्कड

माझ्या धाकट्या भावाला सगळे ‘पक्कड’ म्हणतात. वायरमन आहे तो. खिशात चांगली नवी पक्कड असते, पण वायर सोलायची वेळ आली की हा तिचं टोक दातात धरतो, मान हिसडतो आणि वरचं प्लास्टिक थुंकून मोकळा होतो. म्हणे, शिडीवर हात कुठे मोकळे असतात? मी ओरडून ओरडून थकले. ब्रशला रोज रक्त लागायचं, तर ब्रशच कडक आहे म्हणायचा. वय जेमतेम तिशीचं, अक्कल त्याहून बरीच कमी.

हसणं मात्र असं, की भिंतीपलीकडचे शेजारी विनोद न ऐकताच हसायला लागायचे. भावजय तर त्या हसण्यावरच भाळली होती. ती स्वतःच सांगते.

एका दुकानात बोर्ड बसवताना वायर सुटली नाही, वरचा पुढचा दात सुटला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तोंड तपासलं.

“वायरीचं निमित्त झालं,” त्या म्हणाल्या. “हिरड्या कधीपासून सुजल्यात. शेजारचे दातही हलताहेत. आधी हिरड्या बऱ्या करू, आहेत ते वाचवू. नवा दात मग.”

“पण हे तर म्हातारपणी होतं ना?” ह्यानं विचारलं.

“असं म्हणत म्हणतच तरुण माणसं उशिरा येतात.”

तेव्हापासून ब्रश अगदी मन लावून चालू झाला. वायरीही हा पक्कडीनंच सोलू लागला. हसणं मात्र गेलं. आधी तोंडावर हात धरून हसायचा, मग नुसताच हात धरायचा. फोनवर बोलतानासुद्धा. “अरे, फोनवर तुझं तोंड कोण बघतंय?” मी म्हटलं. त्यानं हात काही काढला नाही.

एक दिवस भावजय म्हणाली, “ताई, हिरड्या सुधारल्यात. नवा दातही बसेल. पण तोवर हे हसायचंच विसरले तर त्या दाताचं मी काय करू?”

मला तिची फार माया आली आणि ह्याचा रागही.

गेल्या रविवारी दोघं माझ्याकडे पंखा बसवायला आली. मेन स्विच बंद केला. हा शिडीवर, भावजय शिडी धरून, मी सूचना द्यायला. एका हातात पंख्याचा दांडा पेललेला, दुसऱ्यात छतातून आलेली वायर. टोक सोलायचं राहिलेलं. सवयीनं ह्यानं मान पुढे केली, वायर तोंडात घेतली आणि दाबली. वायर सरळ खिंडीतून आत गेली.

“चाव,” मी खालून म्हटलं. “चाव की. कशानं चावतोस बघू दे.”

तो क्षणभर तसाच, तोंडात वायर धरून. मग खांदे हलले. तोंडातली वायर सुटली आणि तो हसला, पूर्वीसारखा, भिंतीपलीकडे जाईल असा. हात वर न्यायला गेला, पण दोन्ही अडकलेले. ती खिंड, हलणारे दात, गुलाबी हिरड्या, सगळं उघडं पडलं. माझ्या भावाचं ते तोंड मला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

“अगं, त्याच्या खिशातली पक्कड काढून दे ना,” मी भावजयीला म्हणायला हवं होतं. तीही स्वतःहून हलली नाही. शिडी घट्ट धरून वर बघत होती.

“अहो,” ती म्हणाली, “घाई करू नका. पंखा धरा अजून थोडा वेळ.”