काकूंचं धुकं

काकूंनी सोमवारी राजाला मारलं, तेव्हा आमच्या कंपनीच्या बसमधल्या दोघीतिघींनी दुपारी डबा नीट खाल्ला नाही. एक जण तर लाइनवर काम करता करता डोळे पुसत होती. सुपरवायझरने विचारलं, "घरी काही झालं का?" ती म्हणाली, "न्हाई सर, आमचा राजा गेला." तो बिचारा दिवसभर तिच्याशी जपून बोलत होता.

आमची बस न्हावऱ्याहून निघायची आणि शिरूरला आम्हा बाकीच्यांना घेऊन रांजणगावला जायची. मी क्वालिटीत होते, काकू पॅकिंगला. ड्रायव्हरशेजारच्या आडव्या सीटवर, आमच्याकडे तोंड करून त्या बसायच्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने किरकोळ, पण आवाज असा की इंजिनाच्या वर ऐकू यायचा. शिरूरचा शेवटचा माणूस चढला की त्या पदर खोचून घ्यायच्या आणि काल पाहिलेला भाग सांगायला लागायच्या.

ती एक परदेशी मालिका होती, हिंदीत आणलेली. तिचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच धड म्हणता यायचं नाही. काकू तिला 'धुकं' म्हणायच्या, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. धुक्याचा एक अथांग समुद्र, त्यावर तरंगणारी राज्यं, आणि एका राज्यातून दुसऱ्यात माणसं वाहून नेणाऱ्या अवाढव्य घारी. बसमधल्या बहुतेकींनी ती मालिका पाहिली नव्हती. पाहायला वेळ कुणाला होता? आमचं सगळं धुकं काकूंच्या तोंडून आलेलं. घार केवढी, असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "पाटसच्या साखर कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या रांगेत हुभ्या ऱ्हात्यात का न्हाई? तसल्या दोन एकीम्होरं एक लावा. आन् वर पंख निराळं."

राज्याच्या कारस्थानी प्रधानाला त्या चेअरमन म्हणायच्या, कारण तो खुर्चीवरून हलत नव्हता. लढाईच्या आदल्या दिवशी फौजेने काय खाल्लं, हे त्या न चुकता सांगायच्या. भाकरी, ठेचा आणि कसली तरी पातळ भाजी. मालिकेत हे दाखवतात का, असं मी एकदा विचारलं. "दाखवत न्हाईत," काकू शांतपणे म्हणाल्या. "पर उपाशीपोटी कुनी तलवार उचलतं व्हय?"

प्रत्येक भाग त्या दोनदा पाहायच्या. "पयल्यांदा बघते तवा मी नुसती भ्येते," त्या सांगायच्या. "दुसऱ्यांदा बघितलं की मंग सांगता येतं." आमच्या बसमध्ये नवीन लागलेला एक इंजिनिअर होता. तो एकदा हसत म्हणाला, "काकू, हे सगळं कॉम्प्युटरवर करतात. घार वगैरे काही नसते." काकूंना राग आला नाही. "म्हाईत हाय की, बाळा. पर बघताना मी न्हावऱ्यात नसते, येवढं तर खरं हाय ना?" त्यानंतर तोही मोबाईल खिशात ठेवून ऐकायला लागला. गाडी चालवणारे मामा कंपनीच्या अलीकडच्या गतिरोधकांवर जरा जास्तच हळू घ्यायचे. भाग अर्धा सोडून गेटातून आत जाणं त्यांनाही जमत नसावं.

एके दिवशी काकूंनी राणीचा भाग सांगितला. राणीची एकुलती एक लेक एका नावाड्याबरोबर धुक्यापलीकडे निघून गेली होती आणि राजाने तिचं नाव काढायला बंदी केली होती. राणी एक दिवस साधं लुगडं नेसून, डोक्यावर पदर ओढून लेकीच्या गावी जाते. घर शोधते. दाराशी उभी राहते. आतून भांड्यांचा आवाज येतो, लेकीचं गुणगुणणं येतं. राणी कडी वाजवायला हात उचलते आणि तशीच मागे फिरते. इथे काकू थांबल्या. एरवी लढाया रंगवणारा त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मागच्या बायका उठून पुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या पाळीच्या बायकांनाही धुकं हवं असायचं, म्हणून आमच्यातली एक जण काकूंचं सांगणं मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवायची. राणीचा हा भाग तिथेच थांबला नाही. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर करत तो कुठच्या कुठे गेला.

आठवड्याभराने, बस शिरूर सोडून निघाली असताना काकूंचा फोन वाजला. गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून त्या नेहमी स्पीकर लावायच्या. तसाच त्यांनी लावला.

"आई," पलीकडून एक मुलगी म्हणाली, "राणी पोरीच्या दारातनं माघारी कवा गेली? म्या सगळं भाग बघितल्यात. आसं न्हाई त्यात."

काकूंनी समोरचा दांडा घट्ट धरला. मग म्हणाल्या, "त्यात न्हाई. माझ्यात हाय."

"तू आलीवतीस?"

"दिवाळीच्या आधी. तू भांडी घासत व्हतीस. गानं म्हनत व्हतीस."

"मंग दार का न्हाई वाजवलंस?"

"गानं थांबलं आसतं तुजं."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. काकूंनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून खिडकीकडे तोंड केलं. त्या दिवशी मामांनी गाडी गेटाच्या अलीकडे कडेला घेऊन थांबवली. आम्हाला उशीर झाला. कुणी तक्रार केली नाही.

काकूंना लेक आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. पल्लवी तिचं नाव. दौंडला रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका बौद्ध मुलाशी तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं होतं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. पण काकूंच्या यजमानांना, ज्यांना सगळं न्हावरं आप्पा म्हणायचं, भावकीत मान खाली घालावी लागली असं वाटलं. आमच्यासाठी ती मेली, असं त्यांनी सांगून टाकलं. त्याआधी मायलेकी रोज संध्याकाळी चुलीपुढे धुकं पाहायच्या. काकू भाकरी थापायच्या आणि पल्लवी मोबाईल धरून बसायची. ती गेल्यावर काकूंनी आपल्या पगारातून फोन घेतला. "तीबी तिकडं बघत आसंल, आसं वाटायचं," त्या मला म्हणाल्या. "तेवढाच येक धागा."

पुढच्या रविवारी काकू दौंडला गेल्या. सोमवारी बसमध्ये कुणी धुकं मागितलं नाही. सगळ्यांना हेच ऐकायचं होतं.

"ह्यांना म्हनले, पल्लवीकडं चालले, सांजच्या यष्टीनं येते. ते म्हनले, भावकी काय म्हनंल? म्या म्हनले, भावकीला सांगा, काय इचारायचं ते मला इचारा."

"मग आल्यावर काय म्हणाले?"

"काय न्हाई. गायीची धार काढून बसलं व्हतं. जेवलं. आन् झोपताना भिताडाकडं तोंड करून म्हनले, बरी हाय का? म्या म्हनले, बरी हाय."

त्यानंतर काकू महिन्यातून एकदोनदा दौंडला जाऊ लागल्या. आप्पा कधी गेले नाहीत. पल्लवीचं बाळंतपण आलं तेव्हा काकूंनी काम सोडलं. नातीला मोठं करायचं म्हणून त्या तिकडे राहू लागल्या आणि न्हावऱ्याला पाहुण्यासारख्या येऊ लागल्या.

बसमध्ये ती आडवी सीट दुसऱ्या कुणाला मिळाली. काही दिवस आम्ही एकमेकींना धुकं सांगून पाहिलं, पण पाचव्या मिनिटाला गोष्ट संपायची. हळूहळू सगळ्यांच्या कानांत मोबाईलची बोंडं गेली. मग एका सुट्टीला मी स्वतः ती मालिका लावली. राणी अगदीच तरुण निघाली, पुस्तकी हिंदी बोलणारी. घारी लहान वाटल्या. फौज काही न खाताच लढायला निघाली. मला काकूंची इतकी आठवण आली की मी ती मध्येच बंद केली.

मागच्या वर्षी काकूंची उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचाही. पल्लवीचा फोन आला. "ताई, धुक्याचं नवीन भाग आल्यात. आईला पडदा बघवत न्हाई, डोळं दुखत्यात. मी सांगाय बसले की मलाच रडू येतं. तुमी याल का?"

मी नवीन भाग पाहिले आणि रविवारची एसटी धरून चौफुल्यावरून दौंडला गेले. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी सांगायला लागले. जिथे मी घाई करायचे तिथे त्या डाव्या हाताने माझं मनगट दाबायच्या. मग मी मागे जाऊन तेच पुन्हा सावकाश सांगायचे. तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की गोष्टीत इतकी जागा असते. दुपार झाली. मला वाटलं, दमल्या असतील. मी उठायला लागले, तर त्यांनी ओठ कसेबसे हलवले आणि म्हणाल्या, "मंग?" मी पुन्हा बसले.

असे काही रविवार मिळाले. मग थंडीत काकू गेल्या.

बातमी कळल्यावर मी दौंडला पोचले, तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर आप्पा बसले होते. लेकीच्या घरी ते पहिल्यांदाच आले होते. जावई त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून बाजूला उभे होते. मी कंपनीतली म्हटल्यावर आप्पांनी मला शेजारी बसायला सांगितलं.

"ती गाडीत गोष्ट सांगायची म्हंत्यात," ते म्हणाले. "समदं गाव मला इचारतं त्याचं. मला कवा सांगितली न्हाई तिनं. आन् म्याबी कवा इचारली न्हाई. कशाची व्हती?"

"एक धुक्याचा समुद्र असतो, आप्पा," मी म्हणाले. राणी, तिची लेक, तो राजा, हे सगळं मी या माणसाला कसं सांगणार होते?

पल्लवी पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली होती. तिने ऐकलं होतं. पोरीला तिने आप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर खाली बसली.

"ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली. "मी सांगते."