मामांचा आवाज भरायचा राहिला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सौसरचा विषय निघाला की तू एकदम गप्प का होतोस, असं ती विचारते, आणि मी काहीतरी पुटपुटत पाणी प्यायला उठतो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्या मामींना ओळखत नाही. ओळखत असता तर माझं तोंड उघडलं नसतं.

मी पांढुर्ण्याचा. नोकरी नागपूरच्या कंपनीत, पण काम घरी बसून. आणि फावल्या वेळात एका अ‍ॅपसाठी फुकट कोड लिहितो. ते अ‍ॅप कुणा एकाच्या मालकीचं नाही. देशोदेशीचे लोक मिळून ते बनवतात, त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, ज्याला जे जमतं ते तो त्यात घालतो. ज्यांना बोलता येत नाही अशा माणसांसाठी ते आहे. फोनवर चित्रांची बटणं असतात — पाणी, भूक, दुखतंय — बटण दाबलं की फोन बोलतो. चांगलं काम आहे, नाही का? मलाही तसंच वाटायचं. इतकं वाटायचं, की चार लोकांत बसलो की कुठलाही विषय फिरवून त्या अ‍ॅपवर आणायला मी वाकबगार झालो होतो.

आता मामांबद्दल. सौसरला त्यांचं कापडाचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे जायचो, तेव्हापासून एक हाक कानात बसली आहे. गादीवर बसल्या बसल्या मामा पडद्याकडे मान न वळवता म्हणायचे, “काय करून राहिली वो?” आणि आतून मामी म्हणायच्या, “काई नाही.” दिवसभर हे चालायचं. तो प्रश्न नव्हताच. कधी त्याचा अर्थ चहा, कधी गिऱ्हाईक गेलं, ये बस जराशी, आणि बहुतेक वेळा काहीच नाही — आहेस ना तिकडे, एवढंच.

मामांना खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी चघळायची, सवय होती. सगळ्यांनी सांगून पाहिलं, कुणाचंही ऐकलं नाही. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

मी लगेच सौसर गाठलं. दुःख होतंच — पण खरं सांगू? थोडी मिजासही होती. घरातल्यांना पहिल्यांदाच माझ्या त्या कामाचा उपयोग होणार होता. मामांच्या फोनवर अ‍ॅप घातलं, त्यांच्या हाकेचं बटण तयार केलं आणि दाबून दाखवलं. फोनमधला गुळगुळीत आवाज म्हणाला, “तू काय करत आहेस?”

मामा खोकला येईपर्यंत हसले. “हा पुन्याचा पाव्हना कुठून धरून आनला बे?”

मामी हसल्या नाहीत. फोन हातात घेऊन त्यांनी ते बटण पुन्हा एकदा दाबून ऐकलं. मग मामांकडे बोट करून म्हणाल्या, “बाबू, याच्यात यायचाच आवाज भरता येते का?”

येत नव्हता. अशी सोयच त्या अ‍ॅपमध्ये नव्हती. त्याच संध्याकाळी मी प्रकल्पाच्या पानावर लिहिलं — एका वापरणाऱ्या बाईंची मागणी आहे, बटणात माणसाचा स्वतःचा आवाज भरता यावा. उत्तर आलं : फार चांगली कल्पना, कोण करेल? मी म्हटलं, मी.

आणि केलंही. झपाटल्यासारखा बसून कोड लिहिला, पाठवून दिला आणि पांढुर्ण्यात ज्याला त्याला सांगून मोकळा झालो की झालं म्हणून. पण कुणाचाही कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय अ‍ॅपमध्ये जात नाही. माझा तपासला परदेशातल्या एका बाईंनी. त्यांनी फार गोड भाषेत लिहिलं होतं, की काम छान आहे, फक्त अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की हे भरलेले आवाज पुसले जातील. ते दुसरीकडे साठवा.

त्यांचं बरोबर होतं. हे मला वाचता वाचताच कळलं होतं. काम थोडंच उरलं होतं. मग मी काय केलं? फुगून बसलो. हो, लहान मुलासारखा. आता ही बाई मला शिकवणार! तिला माझ्या मामांचं काय ठाऊक? एक तुटक उत्तर लिहिलं आणि ते पान पुन्हा उघडलंच नाही.

इकडे मामींचे फोन यायचे. “होऊन राहिलं का रे बाबू?” मी म्हणायचो, माझं झालंय मामी, त्यांच्याकडे अडलंय. धडधडीत खोटं. एकदा त्यांनी विचारलं, “मंग तोवर साध्या मोबाईलमधीच यायचा आवाज भरून ठेवू का?”

ठेवा — एवढंच म्हणायचं होतं. साध्या फोनवर भरलेला आवाज नंतर अ‍ॅपमध्ये घालता आला असता. ते मला माहीत होतं, मामींना नव्हतं. मी म्हणालो, “नको मामी, तो नीट येत नाही. थेट अ‍ॅपमध्येच भरू, मी स्वतः येऊन भरतो.” का म्हणालो? त्यांनी साध्या फोनवर काम उरकलं असतं तर मी समोर बसून मामांना ‘हं, आता बोला’ म्हणायचं राहून गेलं असतं. आपल्याच माणसांत मोठेपणा मिरवायची ती हौस होती. दुसरं काही नव्हतं.

पण मला जे सांगायचं आहे ते हेही नाही. ते याच्या पुढचं आहे.

नागपूरच्या हॉस्पिटलमधून अचानक फोन आला, की खाट रिकामी झाली आहे, आजच या. मामींनी मला गाडीतूनच फोन लावला. गाडी नुकतीच सौसरहून निघाली होती. “निघालो रे बाबू. झालं का ते तुझं?” मागे मामांचा घोगरा आवाज ऐकू येत होता, ते ड्रायव्हरला काहीतरी सांगत होते. ज्या फोनवर मामी बोलत होत्या, त्याच फोनवर तो आवाज भरता आला असता. आख्खा रस्ता पडला होता. मी फक्त म्हणायचं होतं — मामी, फोन त्यांच्या तोंडाशी धरा.

ते मी म्हणालो नाही. म्हटलं असतं तर मामींनी विचारलं असतं, मग आधी ‘नको’ का म्हणालास? आणि मला खरं सांगावं लागलं असतं. म्हणून मी काय बोललो माहीत आहे? मी म्हणालो, “आता त्यांना बोलायला लावू नका मामी, घशाला ताण पडेल. आराम करू द्या.” काळजीच्या सुरात म्हणालो. मामी म्हणाल्या, “हो रे, बरोबर हाय तुझं.”

नंतर कळलं, की मामा गप्प बसलेच नव्हते. वाटेत सावनेर येईपर्यंत त्यांची बडबड चालू होती — कुठल्या मळ्यातला संत्रा यंदा बरा आहे, दुकानाचं शटर कोण उघडेल, मामींनी हॉस्पिटलात रडायचं नाही. मामी हे सगळं फार हौसेने सांगतात. मामांचा आवाज आता कुठेच नाही. फोनचा त्यांना कंटाळा, ‘हॅलो’ म्हणून दुसऱ्याच्या हातात द्यायचे. लग्नाच्या व्हिडिओत ते दिसतात, पण तिथे बँड वाजतो आहे.

ऑपरेशननंतर मी ते पान उघडलं, त्या बाईंची माफी मागितली आणि उरलेलं काम एका बैठकीत केलं. एका बैठकीत! ती सोय आता अ‍ॅपमध्ये आहे, खाली माझं नाव आहे, आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक आभार मानतात. मामींना मी सांगितलं, अ‍ॅपवाल्यांनी फार उशीर केला हो. मामी म्हणाल्या, “तू तं केलं ना बाबू. आमच्याच नशिबाले घाई होती.” मी मान हलवली.

गेल्या दिवाळीत सौसरला गेलो होतो. मामा गादीवर बसले होते, गळ्याला पातळ रुमाल. गिऱ्हाईक कापड पाहत होतं. मामांनी पडद्याकडे न बघता फोनवरचं बटण दाबलं. फोनमधून मामींचाच आवाज आला — मामांसारखा जाड करून काढलेला, शेवटी हसू न आवरलेला — “काय करून राहिली वो?”

पडद्याआडून मामी म्हणाल्या, “काई नाही.”

मग त्या चहा घेऊन बाहेर आल्या. गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “हे माह्या भाच्यानं बनवलं.” मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी चहा प्यायलो.